मुक्कामी गाडीपासून एम.ए. मराठीपर्यंत : दहावीनंतर शिक्षण सुटलेल्यांसाठी साहित्याच्या अभ्यासाची वाट

एसटीत वाहक म्हणून मी नोकरीला लागलो तेव्हा माझे शिक्षण दहावीपर्यंतच झालेले होते. वाहकाचा बिल्ला मिळायला तेवढे पुरत होते आणि घरच्या परिस्थितीत त्यापुढचा विचार करण्याची गरजही कोणाला वाटत नव्हती. पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावी, मुक्त विद्यापीठातून बी.ए. आणि मग एका महाविद्यालयाच्या पदव्युत्तर केंद्रात प्रत्यक्ष वर्गात बसून एम.ए. मराठी, असा प्रवास नोकरी सांभाळून झाला. बारावीच्या फॉर्मपासून एम.ए.च्या निकालापर्यंत आठ वर्षे लागली आणि त्यांतले एक वर्ष केवळ एका कागदासाठी वाया गेले. आमच्या डेपोतले तरुण सहकारी, त्यांच्या बहिणी, गावाकडच्या लग्न होऊन शिक्षण सुटलेल्या मुली आता मला विचारतात की, हे नेमके करायचे कसे. प्रत्येकाला तोंडी सांगताना काही ना काही राहून जाते, म्हणून सगळे क्रमाने लिहून ठेवत आहे.

माझा अनुभव असा आहे की, प्रवेशाची दारे वाटतात त्यापेक्षा जास्त उघडी आहेत. अवघड भाग दोन ठिकाणी येतो. एक म्हणजे वाचनाची आणि लिहिण्याची पद्धत बदलणे आणि दुसरे म्हणजे कागदपत्रे वेळेत आणि बिनचूक ठेवणे. पहिल्याकडे दुर्लक्ष केले तर पदवी मिळते पण साहित्य कळत नाही, आणि दुसऱ्याकडे केले तर साहित्य कळूनही प्रवेश हुकतो.

फॉर्म भरण्याआधीचे सहा महिने

‘मला वाचायची आवड आहे’ या एका कारणावर कोणी मराठी साहित्याला प्रवेश घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगतो. आवडीचे वाचन आणि अभ्यासाचे वाचन यांच्यात फरक आहे आणि तो प्रवेशाआधी अनुभवून पाहता येतो. तुम्हाला ज्या विद्यापीठातून पुढे एम.ए. करावेसे वाटते, त्याच्या संकेतस्थळावरून मराठीचा अभ्यासक्रम आणि जुन्या प्रश्नपत्रिका उतरवून घ्या. त्यात मध्ययुगीन साहित्य, भाषाविज्ञान, साहित्यशास्त्र, समीक्षा, लोकसाहित्य, ग्रामीण, दलित आणि स्त्रीवादी साहित्य असे विषय दिसतील. कथा-कादंबरीच्या ओढीने येणाऱ्यांना भाषाविज्ञान पाहून धक्का बसतो. तो धक्का आधीच बसलेला बरा.

त्यानंतर जवळच्या सार्वजनिक वाचनालयाचे सभासद व्हा. महाराष्ट्रात १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे अगदी तालुक्यांच्या आणि मोठ्या गावांच्या ठिकाणी शासनमान्य वाचनालये आहेत. अनामत रक्कम आणि महिन्याची वर्गणी भरली की पुस्तक घरी नेता येते. मी नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाचा सभासद झालो. आम्ही नाशिककर त्याला ‘सावाना’ म्हणतो. १८४० साली सुरू झालेल्या त्या संस्थेत ड्युटी उतरल्यावर खाकी गणवेशातच जाऊन बसताना पहिले काही दिवस संकोच वाटायचा, पण तिथल्या कर्मचाऱ्यांनी आणि जुन्या वाचकांनी तो फार दिवस टिकू दिला नाही.

या सहा महिन्यांत तीन गोष्टी करा. एक कथासंग्रह, एक कवितासंग्रह आणि सातशे वर्षांपूर्वीच्या मराठीतली काही पाने, असे तीन प्रकारचे वाचन ठेवा. प्रत्येक पुस्तकावर एक पान लिहा, मात्र त्या पानात गोष्ट सांगायची नाही. गोष्ट कोण सांगत आहे, कुठून सुरू केली आहे, काय दडवून ठेवले आहे, कोणता शब्द पुन्हा पुन्हा येतो, यावरच लिहायचे. हे जमत नसेल तरी चिंता नाही, पण करताना कंटाळा येत नाही ना, एवढे मात्र तपासा. कंटाळा येत असेल तर इतिहास किंवा समाजशास्त्र हा तुमचा विषय असू शकतो आणि तो मार्गही याच पायऱ्यांनी जातो.

बारावीचा अडसर

पदवीच्या प्रवेशासाठी बारावी किंवा तिच्याशी समकक्ष शिक्षण लागते. शाळा सुटून कितीही वर्षे झाली असली तरी हा टप्पा पार करता येतो. पहिला मार्ग राज्य मंडळाच्या खाजगी विद्यार्थ्यांचा, म्हणजेच सर्वांना माहीत असलेला सतरा नंबरचा फॉर्म. दहावी उत्तीर्ण होऊन दोन वर्षे झालेली असली पाहिजेत. फॉर्म ऑनलाइन भरून आपल्या भागातल्या नेमून दिलेल्या कनिष्ठ महाविद्यालयात कागदपत्रे द्यावी लागतात. त्याची मुदत दरवर्षी मंडळ जाहीर करते आणि ती परीक्षेच्या कितीतरी महिने आधी, साधारण पावसाळ्यातच असते. दिवाळीनंतर जागे होणाऱ्यांचे वर्ष जाते. मी कला शाखा घेतली आणि मराठी, इतिहास, राज्यशास्त्र असे विषय ठेवले, कारण पुढे बी.ए.ला त्यांचाच आधार मिळणार होता.

दुसरा मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा. तिथे नोंदणी पाच वर्षे वैध राहते, वर्षातून दोनदा सार्वजनिक परीक्षा होते आणि उत्तीर्ण झालेले विषय बाजूला पडत जातात, त्यामुळे एका बैठकीत सगळे विषय देण्याचा ताण नसतो. ज्यांनी पूर्वी बारावी अर्धवट सोडली आहे, त्यांना आधी उत्तीर्ण झालेल्या दोन विषयांपर्यंतचे गुण पुढे आणता येतात. मराठी विषय घ्यायचा असेल तर नोंदणीपूर्वी भाषांची यादी आणि आपल्या केंद्रावरचे माध्यम तपासा. तिसरा मार्ग आयटीआय केलेल्यांसाठी आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्यांना मंडळाच्या परीक्षेत भाषा विषय उत्तीर्ण होऊन बारावीची समकक्षता घेता येते. आमच्या कार्यशाळेतल्या दोन मेकॅनिकांनी हाच मार्ग धरला. तीन वर्षांची पदविका केलेल्यांनी बारावीच्या मागे न लागता आधी विद्यापीठाच्या पात्रता विभागात चौकशी करावी आणि उत्तर लेखी घ्यावे.

बी.ए. : कुठून आणि कसे

नोकरी नसेल, वेळ असेल आणि जवळ महाविद्यालय असेल तर नियमित प्रवेश घ्या. वयाची लाज बाळगू नका. वर्गात शिक्षकांसमोर बसून ऐकलेल्या कवितेला पर्याय नाही. शिफ्ट, शेती किंवा लहान मुले असतील तर मुक्त शिक्षण हाच व्यवहार्य मार्ग आहे. महाराष्ट्रात त्यासाठी १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. ते नाशिकला असले तरी त्याची अभ्यासकेंद्रे राज्यभरातल्या महाविद्यालयांत असतात. इतर काही विद्यापीठांचेही दूरशिक्षण विभाग आहेत.

कोणत्याही दूरशिक्षणाच्या प्रवेशाआधी दोन गोष्टी तपासा. त्या विद्यापीठाला आणि तुम्ही निवडलेल्या शिक्षणक्रमाला त्या सत्रासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे का, ते आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या (डीईबी) यादीत पाहा. आता असा प्रवेश घेण्यासाठी विद्यार्थ्याला स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो आणि त्याआधी श्रेयांक (क्रेडिट) बँकेचा, म्हणजे एबीसीचा आयडी लागतो. दोन्हींसाठी आधार कार्डावरचे नाव वापरले जाते. दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव आणि आधारवरचे नाव यांत एका अक्षराचा फरक असेल तरी तो याच टप्प्यावर दुरुस्त करून घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदलाची प्रत पहिल्या दिवसापासून फाइलमध्ये ठेवावी, कारण पुढच्या प्रत्येक टेबलावर तीच मागितली जाते.

मुक्त विद्यापीठाची पदवी ‘कमी दर्जाची’ असते, असे सांगणारे लोक अजूनही भेटतील. आयोगाच्या २०२० च्या नियमावलीनुसार मान्यताप्राप्त संस्थेतून घेतलेली दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीशी समकक्ष आहे. मला प्रत्येक वेळी हा वाद तोंडाने घालावा लागला. तुम्ही त्या नियमाची छापील प्रत जवळ ठेवा.

वेळेचा हिशेब आधीच करा. दूरशिक्षणात एका श्रेयांकासाठी साधारण ३० तासांचा अभ्यास धरला जातो, म्हणजे चार श्रेयांकांच्या एका विषयाला १२० तास. रोज दीड तास मिळत असेल तर एक विषय ८० दिवसांचा होतो. एका सत्रात असे चार-पाच विषय असतात, हे लक्षात घेतले की पुढची काही वर्षे कोणत्या लग्नांना आणि जत्रांना जायचे नाही हे आपोआप ठरते. माझे बी.ए. तीनऐवजी चार वर्षांत झाले, कारण दुसऱ्या वर्षी आईच्या आजारपणात दोन विषय राहिले. मुक्त शिक्षणात नोंदणीची मुदत संपेपर्यंत राहिलेले विषय पुन्हा देता येतात, त्यामुळे एखादे सत्र बिघडले म्हणून सगळेच सोडून देण्याचे कारण नसते.

माझा दीड तास मुक्कामी गाडीवर मिळत असे. संध्याकाळी डेपोतून सुटलेली गाडी नऊच्या सुमारास पेठ-सुरगाण्याकडच्या गावात पोहोचायची. कॅश मोजून, वेबिल पूर्ण करून, जेवण झाले की चालक मागच्या लांब सीटवर झोपायचे आणि मी दाराजवळच्या सीटवर गाडीतला एक दिवा लावून बसायचो. पावसाळ्यात छपरावरचा आवाज एवढा असायचा की मनात वाचलेले मनातच ऐकू येत नसे. म्हणून मी मोठ्याने वाचू लागलो आणि तिथूनच मला गद्याची लय कळायला लागली. मुक्कामाची ड्युटी सहसा कोणाला नको असते. मी ती मागून घेतली. तुमच्याही कामात दुसऱ्यांना नको असलेली एखादी वेळ असेल. ती शोधा आणि अभ्यासासाठी राखून ठेवा.

रविवारच्या संमंत्रण सत्रांना, म्हणजे अभ्यासकेंद्रावरच्या मार्गदर्शनाच्या तासांना, जमेल तितके जा. अनेक जण पुस्तकांचा संच घेऊन जातात ते थेट परीक्षेलाच उगवतात. संमंत्रक बहुधा त्याच महाविद्यालयातले अनुभवी प्राध्यापक असतात आणि सत्राला पाच-सात जणच आलेले असले तर प्रत्येकाला विचारायला भरपूर वेळ मिळतो. नियमित वर्गातल्या विद्यार्थ्यालासुद्धा हे भाग्य क्वचित लाभते.

गृहपाठ : खरे शिक्षण इथे होते

पहिल्या गृहपाठात मी एका कथेवर चार पाने लिहिली होती. अक्षर चांगले होते, एकही खाडाखोड नव्हती. संमंत्रक सरांनी वही परत दिली तेव्हा पहिल्या तीन पानांवर शिसपेन्सिलीने उभी रेघ मारलेली होती आणि समासात लिहिले होते, ‘हे कथानक झाले. तुमचे निरीक्षण कुठे आहे?’ चौथ्या पानावर मात्र एका वाक्याखाली दुहेरी रेघ होती. त्या वाक्यात मी लिहिले होते की, कथेतली सून सबंध कथेत एकदाही स्वतःहून बोलत नाही, फक्त विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे देते. सर म्हणाले, ‘उत्तर इथून सुरू करा. आधीची तीन पाने फेकून द्या.’

साहित्याच्या उत्तराची सगळी रीत मला त्या दोन रेघांत मिळाली, म्हणून ती थोडी उलगडून सांगतो. आधी संहितेतली, म्हणजे मूळ मजकुरातली, एक नेमकी, दाखवून देता येईल अशी गोष्ट पकडायची. मग ती गोष्ट सगळीकडे खरी आहे का हे पुन्हा वाचून तपासायचे आणि जिथे ती मोडते ती जागाही नोंदवायची. त्या सुनेच्या बाबतीत मी पुन्हा वाचले तेव्हा सापडले की, ती एकदा स्वतःहून बोलते, पण गोठ्यातल्या गायीशी. माझे म्हणणे त्यामुळे खोटे ठरले नाही, उलट अधिक टोकदार झाले. त्यानंतर त्या निरीक्षणाचा अर्थ काय लागतो ते लिहायचे आणि सगळ्यांत शेवटी समीक्षकांनी काय म्हटले आहे ते आणायचे. आपल्याकडे गाईड वाचून समीक्षकांची मते आधी लिहिण्याची सवय लागलेली आहे. ती मोडल्याशिवाय गुण मिळतील, पण अभ्यास होणार नाही.

यासाठी दोन वह्या ठेवा. एका वहीत वाचलेल्या मजकुरातली वाक्ये पृष्ठक्रमांकासह जशीच्या तशी उतरवायची, दुसरीत फक्त स्वतःची वाक्ये. दोन्ही एकत्र केल्या की वर्षभराने कोणते वाक्य आपले आणि कोणते दुसऱ्याचे हे ओळखता येत नाही आणि पुढे संशोधन प्रकल्पात वाङ्मयचौर्याचा ठपका नकळत येतो.

जुन्या मराठीची भीती

बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांना मध्ययुगीन साहित्य सर्वांत जड जाते. तेराव्या शतकातल्या ‘लीळाचरित्रा’चे पान पहिल्यांदा उघडले तेव्हा मलाही वाटले की, ही आपली भाषा नाही. माझी भीती एका शब्दाने घालवली. ‘एक फुल, दोन हाफ पाहिजेत’ हे वाक्य मी दिवसातून शंभर वेळा ऐकतो. भाषाविज्ञानाच्या तासाला कळले की, यातला ‘पाहिजे’ हा जुन्या मराठीतल्या कर्मणी रूपाचा अवशेष आहे. ‘करिजे’ म्हणजे केले जाते, ‘बोलिजे’ म्हणजे बोलले जाते, तसे ‘पाहिजे’ म्हणजे मुळात पाहिले जाते, शोधले जाते. म्हणूनच आपण ‘मी तिकीट पाहिजे’ असे म्हणत नाही, ‘मला तिकीट पाहिजे’ म्हणतो, आणि तिकिटे दोन झाली की मागणारा एकटा असूनही ‘पाहिजेत’ म्हणतो. ‘म्हणजे’ हा शब्दही असाच ‘म्हणिजे’वरून आलेला. सातशे वर्षांपूर्वीचे व्याकरण रोज माझ्या खिडकीपाशी येऊन तिकीट मागत होते आणि मला ते माहीत नव्हते. त्या दिवसापासून जुनी मराठी मला परकी वाटली नाही.

व्यवहारात असे करा. जुना मजकूर आधी मोठ्याने वाचा, अर्थ लागत नसला तरी. मग एका दिवशी दहाच ओळी घ्या आणि प्रत्येक अनोळखी शब्दाची चिठ्ठी करा. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश हे तिन्ही शिकागो विद्यापीठाच्या कोशसंग्रहात इंटरनेटवर विनामूल्य शोधता येतात, त्यामुळे मोबाइल हातात असलेल्या कोणालाही ‘कोश मिळत नाही’ ही सबब राहिलेली नाही. सहा महिन्यांत तीन-चारशे चिठ्ठ्या होतात आणि त्यांतलेच शब्द पुन्हा पुन्हा येत असल्याचे दिसू लागते. ज्यांची घरची बोली अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी किंवा कोकणा आहे, त्यांनी ही चिठ्ठी घरातल्या वडीलधाऱ्यांनाही विचारावी. प्रमाण मराठीत मेलेला शब्द बोलीत जिवंत सापडण्याचा अनुभव मला बऱ्याचदा आला आहे.

एक वर्ष ज्यामुळे गेले ते कागद

बी.ए.चा निकाल लागला आणि मी एम.ए.च्या प्रवेशासाठी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात गेलो. तिथे स्थलांतर प्रमाणपत्र मागितले. विद्यापीठ बदलताना ते लागते हे मला ठाऊक नव्हते. मी अर्ज केला, प्रमाणपत्र आले, तोवर प्रवेश बंद झाले होते. निकालाच्या दिवशीच अर्ज करायला हवा होता, एवढे साधे होते ते. म्हणून पुढील कागद बी.ए.च्या शेवटच्या परीक्षेआधीच तपासून ठेवा : दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रे, शाळा सोडल्याचा दाखला, बी.ए.च्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका (नापासाच्यासुद्धा), शिक्षणात खंड पडला असल्यास त्याचे प्रतिज्ञापत्र, आधार, बँकेचे पासबुक, आणि आरक्षण किंवा शिष्यवृत्ती घेणार असाल तर जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, लागू असेल तिथे नॉन-क्रिमीलेयर आणि उत्पन्नाचा दाखला. जात पडताळणीला सर्वांत जास्त वेळ लागतो, म्हणून तिची सुरुवात बी.ए.च्या पहिल्या वर्षीच करा. नोकरदारांनी कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावी. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्यावी आणि ती लॅमिनेट न करता प्लास्टिकच्या पाकिटात ठेवावी, कारण लॅमिनेट केलेल्या कागदावर साक्षांकनाचा शिक्का उमटत नाही.

एम.ए.साठी शक्यतो वर्गातच बसा

एम.ए. मराठीला बहुतेक विद्यापीठांत कोणत्याही शाखेचा पदवीधर प्रवेश घेऊ शकतो. म्हणजे बी.कॉम. किंवा बी.एस्सी. झालेल्यांनी मराठीसाठी पुन्हा बी.ए. करण्याची गरज नाही. काही विद्यापीठांच्या विभागांत प्रवेशपरीक्षा असते, महाविद्यालयांच्या पदव्युत्तर केंद्रांत बहुधा गुणवत्ता यादीवर प्रवेश मिळतो. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी भाषकांनी आपल्या जवळचे विभागही पाहावेत. गोवा विद्यापीठ, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ, धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ आणि हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ इथे मराठीच्या अध्यापनाची परंपरा आहे. महानुभावांच्या रिद्धपूरला, जिथे ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले त्याच गावी, आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. विदर्भातल्या विद्यार्थ्यांनी त्याची माहिती जरूर घ्यावी.

एम.ए. दूरशिक्षणाने होते, पण जमवता येत असेल तर दोन वर्षे प्रत्यक्ष वर्गात काढा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मी दुपारचे वर्ग असलेले केंद्र निवडले. मुक्कामी गाडी सकाळी परत आणायची, कॅश भरायची, दोन तास झोपायचे आणि साडेबाराला वर्गात. वर्गातली मुले माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होती. त्यांच्यापाशी वेळ आणि स्मरणशक्ती होती, माझ्यापाशी माणसे होती. एका ग्रामीण कथेतली बाजाराच्या दिवसाची गर्दी सरांनी शिकवायला घेतली तेव्हा कोणत्या गाठोड्यात काय असते आणि कोणती बाई कोणाशेजारी बसत नाही, हे मी सांगू शकलो. तुमच्या कामाचा अनुभव वर्गात आणा, मात्र तो संहितेच्या आधाराने बोला. नुसते ‘माझ्याकडे असेच घडले’ म्हणणे म्हणजे समीक्षा नव्हे, हे मला तिथेही एकदोनदा ऐकावे लागले.

पैशांची अडचण असलेल्यांनी विद्यापीठाच्या आवारातल्या विभागात प्रवेश मिळाल्यास ‘कमवा व शिका’ योजनेची चौकशी करावी. ग्रंथालयात किंवा कार्यालयात काही तास काम करून महिन्याचा खर्च काही प्रमाणात भागतो.

दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प असतो. विषय निवडताना मोठमोठ्या लेखकांच्या समग्र वाङ्मयाकडे धावू नका. तुमचे पाय रोज जिथे जातात तिथला विषय घ्या. चैत्रात सप्तशृंगी गडाच्या यात्रेसाठी जादा गाड्या सुटतात आणि खानदेशातून आलेल्या बायका गाडीत आणि स्थानकावर गाणी म्हणतात. मी तीच गाणी घेतली. परवानगी घेऊन मोबाइलवर ध्वनिमुद्रण केले, गाणाऱ्या बाईचे गाव आणि वय टिपले, आणि अहिराणी शब्द प्रमाण मराठीत न बदलता जसे ऐकले तसे लिहिले. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. सुरुवातीच्या मसुद्यात मी काही ओळी ‘शुद्ध’ केल्या होत्या. मार्गदर्शक बाईंनी मूळ ध्वनिमुद्रण ऐकले आणि त्या सगळ्या ओळी पुन्हा लिहायला लावल्या. एकच गाणे तीन बायकांकडून तीन वेळा घ्यावे, म्हणजे काय स्थिर आहे आणि काय गाणारीचे स्वतःचे आहे ते दिसते, हेही त्यांनीच शिकवले.

पुढे काय

याबाबतीत मी कोणाला खोटी आशा दाखवणार नाही. महाविद्यालयात शिकवण्यासाठी एम.ए.ला ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना ५०) आणि नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्यस्तरीय) ही पात्रता परीक्षा लागते, म्हणून एम.ए. नुसते उत्तीर्ण होण्याच्या हिशेबाने करू नका. नेट आणि सेट दोन्हींत पहिल्या पेपरचे ५० आणि विषयाच्या पेपरचे १०० प्रश्न असतात. सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते आणि ती महाराष्ट्र व गोव्यासाठी चालते. सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेला वयाची अट नाही, पण नेटमधूनच मिळणाऱ्या कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीला (जेआरएफ) आहे. ती खुल्या प्रवर्गासाठी ३० वर्षे आहे, इतरांना सवलत मिळते. उशिरा सुरुवात करणाऱ्यांनी या शिष्यवृत्तीवर आपले गणित बसवू नये. कायम जागा थोड्या आहेत आणि बरेच पात्रताधारक तासिका तत्त्वावर काम करतात, जिथे सुट्ट्यांच्या काळात मानधन थांबते. हातातली नोकरी त्या भरवशावर सोडू नका. मी सोडलेली नाही. मुद्रितशोधन, अनुवाद, बोलींचे दस्तऐवजीकरण, स्पर्धा परीक्षांसाठी मराठीचे अध्यापन ही कामे नोकरीसोबत करता येतात.

ज्यांना पीएच.डी. करायची आहे त्यांनी हे लक्षात ठेवावे की, ती दूरशिक्षणाने होत नाही, मात्र आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीत अर्धवेळ पीएच.डी.ची सोय आहे. त्यासाठी नोकरीच्या ठिकाणाहून ना हरकत प्रमाणपत्र लागते आणि त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्या लागतात : कर्मचाऱ्याला अर्धवेळ संशोधनाची परवानगी आहे, त्याच्या कामाच्या स्वरूपात संशोधनासाठी पुरेसा वेळ मिळतो, आणि गरज पडल्यास पीएच.डी.च्या अभ्यासवर्गांसाठी (कोर्सवर्क) त्याला कार्यमुक्त केले जाईल. नुसते ‘हरकत नाही’ एवढेच लिहिलेले पत्र परत येते. म्हणून मजकुराचा मसुदा स्वतः तयार करून अर्जासोबत जोडा आणि आवक-जावक विभागातून अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून घ्या.